शिबारी शिकताना: आधी सुटण्याची खात्री, मग गाठ

शिबारी म्हणजे दोराने माणसाला बांधण्याची जपानी कला. एदो काळात (१६०३–१८६८) तिथे कैद्याला दोराने जेरबंद करण्याची होजोजुत्सु नावाची विद्या होती. तिच्या खुणा आजच्या शिबारीत दिसतात, पण हेतू नेमका उलटा झाला आहे. कैद्याला सुटता येऊ नये म्हणून तो दोर होता. आज एकमेकांवर विश्वास असलेली दोन सज्ञान माणसं दोर हातात घेतात, तेव्हा बांधलेल्या माणसाला हव्या त्या क्षणी, कारण न सांगता सुटता आलं पाहिजे. या लेखातली दोर निवडण्यापासून कात्री कुठे ठेवायची इथपर्यंतची प्रत्येक सूचना या एका अटीतून निघते. सुटण्याची खात्री असली तरच अंग सैल सोडता येतं, आणि अंग सैल सुटल्याशिवाय दोरातून जवळीक होत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतो सेइउ (१८८२–१९६१) या चित्रकाराने बांधलेल्या देहाची चित्रं आणि छायाचित्रं केली. त्याला आधुनिक शिबारीचा जनक मानतात. पुढे अनेक शैली झाल्या. छताला टांगण्याची शैली फोटोंमुळे सगळ्यांत जास्त दिसते, पण माझं मन युकिमुरा हारुकी (१९४८–२०१६) यांच्या शैलीत रमतं. जमिनीवर, थोडक्या दोरात, अतिशय सावकाश बांधणारे म्हणून ते ओळखले जात. नवशिक्या जोडप्याने त्याच वाटेने जावं असं मला मनापासून वाटतं. टांगणं किंवा दंड पाठीमागे बांधणं यांबद्दल मी इथे एक ओळही शिकवणार नाही. ते समोर बसून, जाणत्या माणसाच्या हाताखालीच शिकायचं असतं.

आमच्याकडे बांधणारी मी आहे, म्हणून खाली ‘बांधणारी’ आणि ‘बांधून घेणारा’ असं लिहिलं आहे. तुमच्याकडे जे असेल ते वाचा.

आधी बोलणं, आणि ते कपडे घालून

बोलणी दिवसाउजेडी करा, चहा पिताना केलीत तरी चालतील. दोर हातात असताना, अंगाला अंग लागलेलं असताना विचारलेल्या प्रश्नाला माणूस सहसा ‘हो’च म्हणतो, आणि त्या होकाराला काही किंमत नसते. लग्नाला वीस वर्षं झाली असली तरी हे बोलणं टळत नाही. लग्न झालं म्हणजे दोराला होकार मिळाला असं होत नाही. आपल्याकडे घरातल्या माणसाला ‘नको’ म्हणणं जड जातं. ‘तुला आवडत असेल तर चालेल’ असं उत्तर आलं, तर ते नकार धरून पुढचं ठरवा. ‘मला हे करून बघायचंय’ असं स्वतःहून आलं तरच दोर काढा.

या बोलण्यात तब्येतीचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आणि नेमका तोच राहून जातो. साधारण असं बोलणं व्हायला हवं:

‘डाव्या मनगटाला कॉलेजात असताना प्लास्टर होतं. अजून थंडीत दुखतं.’
‘मग डावा हात नकोच. आणि मांडी घालून किती वेळ बसू शकतोस?’
‘दहा मिनिटं. मग पायाला मुंग्या येतात.’
‘रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?’
‘नाही. पण सकाळपासून काही खाल्लं नाहीये.’
‘मग आज जेवून घे. आपण उद्या बसू.’

मधुमेह असेल तर हातापायांची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणजे दोर काचतोय हे उशिरा कळतं. दमा, रक्तदाब, फिट येणं, चक्कर येण्याची सवय, गरोदरपण, मनगटात दबलेली नस, जुनी फ्रॅक्चर हे सगळं विचारा. शरीराचे कुठले भाग चालतील, कुठले अजिबात नाहीत, कपडे किती, हा वेळ प्रणयाचा आहे की नुसता दोराचा, फोटो काढायचे का, हेही आताच ठरवा. एकदा दोर सुरू झाला की ठरलेल्या गोष्टी कमी करता येतात, वाढवता येत नाहीत. मध्येच नवं काही सुचलं तर ते पुढच्या वेळेसाठी ठेवा.

थांबण्यासाठी शब्द साधे ठेवा. ‘लाल’ म्हणजे लगेच सोड, ‘पिवळा’ म्हणजे काहीतरी बदल, ‘हिरवा’ म्हणजे छान चाललंय. साधं ‘थांब’सुद्धा ‘लाल’च समजायचं. दोरात काही माणसं इतकी आत ओढली जातात की बोलणंच सुचत नाही. त्यासाठी मोकळ्या हातात किल्ल्यांचा जुडगा द्या. तो खाली पडला की सोडायचं.

दारू किंवा कुठलीही नशा केलेली असेल तर दोर काढू नका, मग ती दोघांपैकी कुणीही केलेली असो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ नुसार भीतीपोटी, गैरसमजातून किंवा नशेत अर्थ न कळता दिलेली संमती ही संमतीच नव्हे. कायदा बाजूला ठेवला तरी नशेत वेदना कळत नाही, आणि वेदना कळली नाही तर ‘पिवळा’ वेळेवर येत नाही.

दोर

जमिनीवरच्या सरावासाठी तागाचा, तीन पेडांचा, ६ मिलिमीटर जाडीचा दोर घ्या. एका दोराची लांबी ७ ते ८ मीटर, आणि सुरुवातीला असे दोन पुरतात. ताग हलका असतो, हाताला खरखरीत लागतो पण घसरत नाही, त्यामुळे छोट्या गाठीही टिकतात आणि सुटतातही. जगभर वापरला जाणारा ताग बहुतांशी बंगालमधला, इकडचा आणि बांगलादेशातला. हार्डवेअरच्या दुकानातल्या तागाच्या दोराला कधी कधी रॉकेलसारखा वास येतो. गिरणीत तंतू मऊ करायला खनिज तेल वापरतात, त्याचा तो वास. चार-आठ दिवस वाऱ्यावर टांगला की बराच कमी होतो.

कातडी नाजूक असेल तर सुती दोर घ्या. तो मऊ असतो आणि धुता येतो. मात्र ताण बसला की त्याची गाठ आवळते आणि सोडायला वेळ लागतो. नायलॉन घसरतो आणि ओढताना कातडी भाजते. काथ्या तर अंगाला लावूच नका.

नव्या तागाला बारीक धस असते. ती काढण्यासाठी दोर दोघांनी ताणून धरावा आणि गॅसच्या मंद ज्योतीवरून भरभर सरकवावा. कुठेही थांबायचं नाही. खिडक्या उघड्या, पंखा बंद, अंगात सुती कपडे, शेजारी पाण्याची बादली. मग ओलसर फडक्याने काजळी पुसा, वाळवा, आणि तळहातावर बेबी ऑइलचे चार-पाच थेंब घेऊन पूर्ण दोर हातातून फिरवा. स्वयंपाकाचं तेल नको, ते खवट होतं. टोकांना एकेक साधी गाठ मारली की दोर तयार. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात ताग बुरशी धरतो. पिशवीत कोंबून न ठेवता खुंटीला मोकळा टांगा. ताग नीट निर्जंतुक करता येत नाही, म्हणून ज्याचा दोर त्यालाच वापरावा.

पेड सुटलेला किंवा कुठेतरी चपटा झालेला दोर फेकून द्या.

कात्री आणि खोली

औषधाच्या दुकानात बँडेज कापायची, एका बाजूने बोथट टोकाची कात्री मिळते. तीच घ्या, कारण तिचं बोथट टोक कातडी न टोचता दोराखाली शिरतं. दोर विकत घेतल्या दिवशी त्याचा एक तुकडा स्वतःच्या पायाला गुंडाळून या कात्रीने एकदा कापून बघा. किती जोर लागतो ते घाईच्या वेळी पहिल्यांदा कळू नये. बसताना कात्री बांधणारीच्या हाताशी ठेवा, दुसऱ्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये नको. दोराच्या पैशाचा विचार करून कापायला कचरू नका.

जमिनीवर सतरंजी आणि वर गादी, पाणी, चादर, चार्ज केलेला फोन. दाराला कडी असावी, पण कुलूप नको. एकत्र कुटुंबात राहत असाल तर घरात कुणी नसतानाची वेळ निवडा. बाहेर पाऊल वाजलं की दचकणारा माणूस दोरात सैल होऊच शकत नाही.

अंगठ्या, घड्याळ, कडी काढून ठेवा. काचेच्या बांगड्या दोराखाली फुटतात, त्या काढायच्याच. गळ्यातलं मंगळसूत्र, गंडा, साखळी काही असेल तर तेही काढावं. कुणाला काढायचं नसेल तर त्या मनाचा मान ठेवा आणि तो भाग दोराशिवाय सोडा.

दोर कुठे नको

मानेभोवती दोर कधीच नाही. सैल नाही, नुसता फोटोपुरताही नाही. काखेत, कोपराच्या आतल्या वळणात, गुडघ्यामागे आणि जांघेत नसा आणि रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी जवळ असतात, तिथेही दोर टाळा. दंडाच्या मागच्या-बाहेरच्या बाजूने रेडियल नस हाडाला वळसा घालून जाते. तिच्यावर दाब पडला तर मनगट लुळं पडतं, पंजा वर उचलता येत नाही. गुडघ्याच्या किंचित खाली, बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याच्यामागून जाणारी नस दबली तर पाऊल वर उचलता येत नाही.

मुंग्या येणं आणि नस दबणं यांतला फरक दोघांना तोंडपाठ हवा. रक्त अडलं की सगळा हात हळूहळू जड होतो, गार पडतो, रंग बदलतो. सोडलं की थोड्या वेळात पूर्ववत होतो. नस दबली की एखाद्या ठरावीक बोटात चमक निघते, किंवा काहीच दुखत नाही आणि नुसता जोर जातो. हे दुसरं लक्षण सगळ्यांत फसवं.

म्हणून तपासणी करायची ती हालचालीची. मनगट माझ्या हाताविरुद्ध वर उचल. अंगठा करंगळीला लाव. बोटं फाकव आणि मी दाबते तरी फाकलेलीच ठेव. पायाचं असेल तर पाऊल स्वतःकडे ओढ. मग अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मागच्या बाजूला, तर्जनीच्या टोकाला आणि करंगळीला नखाने हळूच स्पर्श करून विचारा, दोन्ही हातांना सारखंच लागतं का? बांधण्याआधी एकदा हे सगळं करून घ्या, म्हणजे त्या माणसाचा नेहमीचा जोर किती हे कळतं. बांधल्यावर दर काही मिनिटांनी पुन्हा करा. जोर कमी वाटला की ‘हात जरा झटक’ वगैरे काही करत बसू नका. लगेच सोडा, आणि त्या दिवशी त्या हाताला पुन्हा दोर नाही.

पहिली गाठ

एकाच हाताला किंवा पायाला बांधायची ही गाठ शिबारीचा पाया आहे. महिनाभर हीच केलीत तरी कंटाळा येणार नाही. आधी स्वतःच्या मांडीवर शिका. एकट्याने सराव करताना स्वतःचे दोन्ही हात एकमेकांना बांधायचे नाहीत.

दोर मधोमध दुमडा. दुमडीकडचा वीतभर भाग मोकळा ठेवा आणि उरलेल्या दुहेरी दोराने मनगटाच्या हाडांच्या जरा मागे, कोपराच्या दिशेला, दोन वेढे घ्या. दोर दुहेरी असल्याने कातडीवर चार पदर येतात. ते शेजारी शेजारी सपाट बसले पाहिजेत. एक पदर दुसऱ्यावर चढला की सगळा दाब तिथे एकवटतो आणि तेवढाच भाग काचतो. वेढे घेताना स्वतःचं एक बोट आत ठेवा. शेवटी ते बोट सहज सरकलं पाहिजे.

आता दुमड लांब दोरावरून आडवी नेऊन सगळ्या वेढ्यांच्या खाली घाला, म्हणजे कातडी आणि दोर यांच्या मधून, आणि दुसऱ्या बाजूने बाहेर काढा. घालताना तुमचं बोट पुढे असू द्या, दोर त्याच्या आडोशाने सरकेल आणि कातडी ओरबाडणार नाही. चारही पदर आता एकत्र धरले गेले. मग दुमड उलट दिशेला परत आणा, लांब दोराभोवती वळवा आणि तयार झालेल्या फटीतून ओढून घ्या. स्काउटमध्ये शिकवतात ती रीफ नॉट हीच. दुमड आणि लांब दोर जिथून शिरले तिथूनच एकमेकांना समांतर बाहेर आले असतील तर गाठ बरोबर. आडवे फाकले असतील तर उलटी पडली, सोडून पुन्हा करा.

शेवटची परीक्षा: लांब दोर जरा ओढून बघा. वेढे आवळले नाहीत तर गाठ वापरायला योग्य. आवळले तर ती सरकफासासारखी वागते आहे आणि अशी गाठ माणसाच्या अंगावर नको. गाठ मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीवर येऊ देऊ नका. तसंच ती डोळे मिटून, अंधारात सोडता येईपर्यंत दुसऱ्या माणसाला बांधू नका. निरगाठ कितीही देखणी असली तरी इथे तिचा उपयोग नाही.

दोराने बोलणं

गाठ शिकायला एक संध्याकाळ पुरते. पुढचा भाग खरा लांबचा, आणि तोच मला सगळ्यांत प्रिय आहे.

दोर उलगडण्याआधी मागे बसा, तळहात त्याच्या पाठीवर ठेवा आणि त्याचा श्वास कसा चालला आहे ते बघा. वरवरचा, छातीतला असेल तर थांबा. श्वास पोटापर्यंत गेला की दोराचा पहिला स्पर्श करा, गाठ न मारता. दोर हातावरून नुसता ओढून घ्या, एकदा भराभर, एकदा सावकाश. दोन्ही वेळा तो वेगळा माणूस असतो. सावकाश ओढलेल्या दोराने खांदे खाली येतात, बोटं आपोआप उघडतात. भराभर ओढला की अंग सावध होतं. कुठला वेग कधी हे कोणी शिकवू शकत नाही, त्याचं अंगच ते सांगतं, आणि तुमची नजर गाठीवरच खिळलेली असेल तर ते दिसणार नाही. म्हणून गाठ आधी हाताला सवयीची करायची.

एक हात नेहमी अंगावर ठेवा. दुसरा दोर आणायला मागे वळतानाही पहिला हात त्याच्या पाठीवर असू द्या. अचानक सुटलेला हात बांधलेल्या माणसाला फार एकटं करतो. लांब दोर ओढताना टोकं चेहऱ्यावर उडतात, डोळ्यांजवळ तुमचा तळहात आडवा धरा. ताण दिला तर तो धरून ठेवा आणि हळूच सोडा. झटके नकोत.

‘ठीक आहे ना?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘हं’ येतं आणि त्या ‘हं’मधून काही कळत नाही. ‘कुठला वेढा जास्त घट्ट आहे?’, ‘करंगळीत काय जाणवतंय?’ असं विचारा. बांधून घेणाऱ्याचंही हे कौशल्य आहे. सहन करणं म्हणजे चांगलं बांधून घेणं असा गैरसमज फार आहे. चांगला बांधून घेणारा स्वतःच्या अंगाची बातमी लवकर देतो: ‘डाव्या बाजूचा वरचा पदर रुततोय, जरा खाली घे.’ अशी बातमी मिळाली की बांधणारीने आभार मानावेत, तोंड पाडू नये. एकदा तोंड पडलं की पुढच्या वेळी बातमी येत नाही.

पहिले काही वेळा बांधलेला भाग दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. बसवून किंवा कुशीवर निजवून बांधा. उभं बांधू नका. हात अडकलेला माणूस तोल गेला तर स्वतःला सावरू शकत नाही. तोंडावर उपडं झोपवूनही बांधू नका, श्वास अडतो. आणि बांधलेल्या माणसाला सोडून खोलीबाहेर जायचं नाही, दाराची बेल वाजली तरी. आधी सोडायचं, मग दार.

सोडणं

सोडण्याची घाई हा सगळ्यांत जास्त दिसणारा दोष. गाठ सुटली की दोर फरकन ओढून काढतात, आणि तिथेच कातडी सोलते. बांधायला जितका वेळ घेतला तितकाच सोडायला घ्या. वेढा उलगडताना दोराखाली बोट, आणि मोकळा झालेला हात खाली टेकेपर्यंत तुमच्या हातात. बराच वेळ एका जागी असलेला सांधा आपला आपण हलवायला लावू नका, त्याला आधार द्या.

अंगावर वळ दिसतील. परकराच्या नाडीचा कमरेवर उठतो तसाच हा वळ असतो आणि बहुतेकदा काही तासांत जातो. निळा-काळा डाग पडला किंवा कातडी सोलली असेल तर ताण किंवा वेग जास्त झाला, पुढच्या वेळी कमी करा. पाणी द्या, चादर द्या, एखादी चिक्की किंवा केळं द्या. काही जण लगेच बोलतात, काहींना अर्धा तास नुसतं टेकून बसायचं असतं, काही रडतात. रडणं वाईटच असतं असं नाही. कारण खोदून विचारू नका, शेजारी बसून राहा. बांधणारीलाही थकवा येतो, तिलाही विचारा.

एक-दोन दिवसांनी मन उगाच उदास होऊ शकतं, दोघांपैकी कुणाचंही. वेगवेगळं राहत असाल तर दुसऱ्या दिवशी फोन करा आणि काय आवडलं, काय नको होतं हे तेव्हा नीट बोला.

बिनसलं तर

चक्कर आली तर लगेच आडवं करा, दोर कापा, पाय उंच ठेवा. शुद्ध लवकर आली नाही किंवा श्वास अडखळला तर १०८ ला फोन करा. मनगट किंवा पाऊल उचलता येत नसेल, बधिरपणा टिकून असेल, तर त्या भागाला जोरात चोळू नका, शेकू नका, आणि न थांबता डॉक्टरांकडे जा. दबलेली नस बऱ्याचदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुधारते, कधी महिने लागतात, आणि मधल्या काळात मनगटाला आधाराची पट्टी लागू शकते. डॉक्टरांना लाजून ‘झोपेत हात दबला’ असं सांगू नका. ‘दंडावर दोराचा दाब पडला, साधारण इतकी मिनिटं’ एवढं वाक्य त्यांना पुरतं, आणि उपचार त्याच्यावर ठरतात.

शिकवणारा आणि फोटो

पुढे शिकायचं झालं तर शिक्षक पारखून घ्या. पहिली भेट चारचौघांत, हॉटेलात किंवा बागेत. जाताना एका विश्वासाच्या माणसाला पत्ता आणि परतायची वेळ सांगा. ‘माझ्याकडे थांबण्याचा शब्द लागत नाही, मला कळतं’ असं म्हणणारा, आधी ज्यांना बांधलं त्यांच्याशी बोलू न देणारा, किंवा नसांबद्दल विचारलं की चिडणारा माणूस कितीही नावाजलेला असो, तिथून उठा. चांगला शिक्षक स्वतःहून कात्री दाखवतो आणि पहिला तास नुसता बोलण्यात घालवतो.

फोटोंचा होकार दोन वेळा घ्यायचा: एक काढण्याचा, एक कुणाला दाखवण्याचा. खासगी क्षणाचा फोटो स्त्रीने स्वखुशीने काढू दिला असला, तरी तो इतरांना पाठवायला तिची संमती नसेल तर पाठवणं हा न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पुरुषाच्या बाबतीतही हाच नियम घरात पाळा. फोन क्लाउडवर आपोआप फोटो चढवत असेल तर आधी ते बंद करा, आणि नातं संपलं तर दोघांनी समोरासमोर बसून ते फोटो काढून टाका.